वेब सर्व्हरची मूलघडण : विनंतीच्या आणि उत्तराच्या सीमा

‘सर्व्हर’ हा शब्द संगणकव्यवहारात दोन अर्थांनी रूढ आहे. एका अर्थी तो थंड ठेवलेल्या खोलीत अहोरात्र चालणाऱ्या यंत्राचा वाचक आहे, तर दुसऱ्या अर्थी त्या यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीचा. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या अर्थापुरतेच आहे. दूरच्या ब्राउझरने एखादे पान मागावे आणि या आज्ञावलीने ते त्याच्या स्वाधीन करावे, एवढेच तिचे कार्य. हे कार्य ऐकावयास जितके सोपे वाटते, तितकेच ते प्रारंभी करावयासही सोपे आहे. संगणकशास्त्राचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी शंभर-दीडशे ओळींत एक चालता सर्व्हर लिहू शकतो. तथापि असे शंभर ओळींचे सर्व्हर स्वतःच्या टेबलावर निर्वेध चालतात आणि प्रत्यक्ष जाळ्यावर ठेवताच अडखळतात, हाही तितकाच सार्वत्रिक अनुभव आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. विनंती कोठे संपली, उत्तर कोठे संपले आणि सर्व्हरचे स्वतःचे अंगण कोठे संपले, हे आज्ञावलीला नेमके ठाऊक नसते.

जिनिव्हा शहराजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालविला. तो ‘नेक्स्ट’ जातीच्या एका टेबलावरील संगणकावर चालत असे, आणि हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा आशयाची लाल शाईत लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. त्या काळचा प्रोटोकॉल, ज्याला पुढे ‘एचटीटीपी ०.९’ असे नाव पडले, विलक्षण आटोपशीर होता. ब्राउझरने ‘गेट’ हा शब्द, त्यापुढे मोकळी जागा व हव्या असलेल्या पानाचा मार्ग, अशी एकच ओळ पाठवावयाची. सर्व्हरने पान पाठवावयाचे आणि जोडणी तोडावयाची. ओळीचा शेवट म्हणजे विनंतीचा शेवट, आणि जोडणी तुटणे म्हणजे उत्तराचा शेवट. सीमांचा प्रश्न येथे जवळजवळ उद्भवतच नाही. म्हणूनच ज्याला सर्व्हर मुळापासून घडवावयाचा आहे, त्याने आरंभ याच रूपापासून करणे इष्ट.

हा आरंभ करताना पुष्कळसे काम कार्यप्रणालीने आधीच करून ठेवलेले असते. तारेवरून आलेले तुकडे जुळविणे, गहाळ झालेले पुन्हा मागविणे, त्यांचा क्रम राखणे ही कामे टीसीपी या प्रोटोकॉलची. त्याची कल्पना व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट काह्न यांनी १९७४ मध्ये मांडली. आज्ञावलीने टीसीपीशी कसे बोलावे याची रीत बर्कली येथील युनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तीने घालून दिली आणि ती आजतागायत टिकून आहे. तिच्यातील चार आज्ञा सर्व्हरला पुरतात. ‘सॉकेट’ या आज्ञेने जोडणीचे एक टोक निर्माण होते. ‘बाइंड’ने त्याला यंत्राचा पत्ता व पोर्ट क्रमांक मिळतो. ‘लिसन’ने ते टोक येणाऱ्यांची वाट पाहू लागते, आणि ‘ॲक्सेप्ट’ने आलेल्याला आत घेतले जाते. नवशिक्याचा गोंधळ होतो तो या चौथ्या आज्ञेपाशी, कारण ती एक नवेच सॉकेट परत देते. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसलेला माणूस पाहुण्याला आत कारकुनाकडे धाडतो आणि स्वतः देवडी सोडत नाही. मूळ सॉकेट तसेच दारात राहते, आणि प्रत्येक पाहुण्याशी बोलणे होते ते नव्या सॉकेटवर.

पोर्ट क्रमांक ८० हा वेबसाठी राखलेला आहे. तथापि १०२४ च्या खालचे क्रमांक घेण्यास युनिक्स-परंपरेतील कार्यप्रणाली सामान्यतः विशेष अधिकार मागतात, म्हणून सरावासाठी ८०८० वापरण्याचा प्रघात पडला आहे. सर्व्हर थांबवून लगेच पुन्हा चालू केला असता पत्ता आधीच वापरात असल्याची तक्रार येते, ती मात्र दोषसूचक नव्हे. मागे राहिलेले तुकडे नव्या जोडणीत मिसळू नयेत म्हणून टीसीपी जुनी जोडणी काही काळ स्मरणात ठेवतो, आणि तो पत्ता पुन्हा वापरू देण्याची सूचना ‘बाइंड’पूर्वी देता येते.

यापुढे खरी कसोटी लागते. टीसीपी हा संदेश पोचवीत नाही, तो बाइटांचा प्रवाह पोचवितो. या एका वाक्याचे आकलन झाले म्हणजे सर्व्हररचनेचे निम्मे शिक्षण झाले असे म्हणण्यास हरकत नाही. ब्राउझरने चारशे बाइटांची विनंती एका दमात पाठविली, म्हणून सर्व्हरच्या एका वाचनात चारशे बाइट हाती येतील असा कोणताही करार नाही. शंभर येतील, मग तीनशे येतील. क्वचित एकच बाइट येईल. एकाच यंत्रावर ब्राउझर व सर्व्हर दोन्ही चालविले असता विनंती बहुधा अखंड येते, आणि एक वाचन म्हणजे एक विनंती हा भ्रम पक्का होतो. पुढे वाटेतील जाळे मंद झाले की याच आज्ञावलीला अर्धवट विनंत्या दिसू लागतात, आणि दोष जाळ्याच्या माथी मारला जातो.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.० आवृत्तीपासून विनंतीला अनेक ओळी आल्या. पहिल्या ओळीत क्रियापद, मार्ग व आवृत्ती. त्याखाली शीर्षके, म्हणजे नाव, अपूर्णविराम व मूल्य अशा स्वरूपाच्या ओळी. आणि शेवटी एक रिकामी ओळ. प्रत्येक ओळ १३ व १० या क्रमांकांच्या दोन बाइटांनी संपते, म्हणून शीर्षकांचा शेवट १३, १०, १३, १० या चौकडीने ओळखावयाचा. सर्व्हरने येतील ते बाइट एका साठ्यात जमवीत जावे आणि प्रत्येक वाचनानंतर ही चौकडी साठ्यात आली की नाही ते पाहावे. नव्याने आलेल्या तुकड्यातच ती शोधणे चुकीचे, कारण चौकडीतील तीन बाइट एका वाचनात आणि चौथा पुढच्या वाचनात येऊ शकतो. आपला सर्व्हर तपासून पाहण्याचा उत्तम उपाय असा की, विनंती एकेक बाइट करून, मध्ये थोडा अवकाश ठेवून पाठवावी. जी रचना या परीक्षेत टिकते तिच्या पायाविषयी शंका उरत नाही.

साठ्याला कमाल मर्यादा हवी. शेवटची चौकडी कधीच न पाठविणारा पाहुणा हा केवळ कल्पनेतला नाही. वेबच्या जन्मापूर्वी, नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या आज्ञावलीने इंटरनेटवरील हजारो यंत्रे ग्रासली. तिच्या प्रवेशाच्या वाटांपैकी एक वाट ‘फिंगर’ या लहानशा सर्व्हरमधून गेली होती. त्या सर्व्हरने आलेली ओळ ठेवण्यास ५१२ बाइटांची जागा राखली होती आणि ओळ किती लांब आहे हे न पाहताच ती वाचली होती. वर्मने ५३६ बाइट पाठविले. उरलेल्या चोवीस बाइटांनी सर्व्हरच्या स्मृतीतील असा भाग पुसला, की ज्यावरून पुढे कोठे जावयाचे हे यंत्र ठरवीत असे. आजचा ‘अपाचे’ हा सर्व्हर विनंतीच्या पहिल्या ओळीला, अन्यथा सांगितले नसल्यास, ८१९० बाइटांपर्यंतच मुभा देतो. नव्या सर्व्हरने याच सुमाराची एखादी मर्यादा ठरवावी; मार्ग फार लांब असल्यास ४१४ आणि शीर्षके फार मोठी असल्यास ४३१ हे उत्तर त्यासाठीच नेमलेले आहे.

शीर्षके वाचण्याच्या कामी फारसे चातुर्य लागत नाही. १९९७ च्या १.१ आवृत्तीने एकच शीर्षक सक्तीचे केले, ते म्हणजे ‘होस्ट’. एकाच यंत्राच्या पत्त्यावर अनेक संस्थळे नांदू लागल्यावर, पाहुणा नेमका कोणाकडे आला हे विचारल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. हे शीर्षक नसलेल्या १.१ च्या विनंतीस ४०० हे उत्तर द्यावे.

आता उत्तराकडे वळावे. उत्तराची ठेवण विनंतीसारखीच असते. पहिल्या ओळीत आवृत्ती व निष्पत्तीचा क्रमांक, म्हणजे पान सापडल्यास २००, न सापडल्यास ४०४. मग शीर्षके, रिकामी ओळ आणि अखेर मजकूर. मजकुराची सीमा जोडणी तोडून दाखविण्याची जुनी रीत १.१ मध्ये गैरसोयीची ठरली, कारण एकाच जोडणीवर अनेक विनंत्या चालाव्यात हा त्या आवृत्तीचा गृहीत नियम आहे. म्हणून मजकुराची लांबी ‘कंटेंट-लेंग्थ’ या शीर्षकात आधीच सांगावी लागते, आणि ती बाइटांत सांगावी लागते.

मराठी मजकूर पाठविणाऱ्या सर्व्हरची परीक्षा याच जागी होते. ‘नमस्कार’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात : न, म, स्का, र. युनिकोडच्या दृष्टीने त्यात सात चिन्हे आहेत, कारण स, हलन्त, क आणि काना ही चार निरनिराळी मोजली जातात. आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्याने तारेवरून जातात ते एकवीस बाइट. एकाच शब्दाच्या चार, सात आणि एकवीस अशा तीन लांबी झाल्या, आणि सर्व्हरला हवी आहे ती तिसरी. पायथॉन भाषेत सूत्राची लांबी विचारली असता सात हे उत्तर मिळते. सी भाषेतील लांबी मोजणारे फलन एकवीस सांगते. पायथॉनमध्ये लिहिणाऱ्याने मजकुराचे बाइटांत रूपांतर करण्यापूर्वीच लांबी मोजली, तर शीर्षकात सात हा आकडा जाईल. ब्राउझर सात बाइट घेईल आणि थांबेल. त्यात ‘न’ आणि ‘म’ पूर्ण येतील, ‘स’चा एक बाइट येईल, आणि पडद्यावर ‘नम’ व त्यापुढे एक प्रश्नांकित चौकट उमटेल. उरलेले चौदा बाइट प्रवाहात तसेच राहतात, आणि जोडणी चालू असल्यास ते पुढील उत्तराचा आरंभ म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो.

इंग्रजी मजकुरात ही चूक वर्षानुवर्षे झाकून राहते, कारण तेथे अक्षर, चिन्ह आणि बाइट यांची संख्या एकच येते. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून ती अशी चूक उघडी पाडीत नाहीत. मराठीतून प्रयोग करणाऱ्यास ती पहिल्याच दिवशी दिसते, आणि ही गोष्ट गैरसोयीची नसून लाभाची समजली पाहिजे. सर्व्हरच्या परीक्षेचे पहिले पान देवनागरीत असावे हे बरे. त्याच परीक्षेत दुसराही एक दोष सापडतो. ‘कंटेंट-टाइप’ या शीर्षकात मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगण्याचे राहिले आणि पानातही ते सांगितले नसेल, तर ब्राउझर अंदाज करू लागतो. अंदाज चुकला की मराठी पानाच्या जागी वर-खाली चिन्हे लागलेल्या रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. वेबच्या पहिल्या दीड दशकात मराठी वाचकांनी अशा माळा पुष्कळ पाहिल्या.

तिसरी सीमा सर्व्हरच्या अंगणाची. सर्वसाधारण रचनेत एक फोल्डर ठरविलेला असतो आणि त्यातील फायलीच बाहेर द्यावयाच्या असतात. विनंतीतील मार्ग या फोल्डरच्या नावापुढे जोडला की फाइल सापडते. परंतु दोन टिंबांचा अर्थ फाइलव्यवस्थेत ‘एक पायरी वर’ असा होतो, आणि मार्गात दोन टिंबे पुनःपुन्हा लिहून कोणीही अंगणाबाहेर, यंत्राच्या अंतर्भागात जाऊ शकतो. तेव्हा दोन टिंबे असलेला मार्ग नाकारावा, असा सोपा उपाय प्रथम सुचतो. तो अपुरा पडतो, आणि त्याचेही कारण अंशतः आपल्या लिपीशी निगडित आहे. पत्त्यात रोमन वर्णमालेबाहेरील चिन्हे जशीच्या तशी पाठविता येत नाहीत. ‘क’ हे अक्षर २२४, १६४, १४९ या तीन बाइटांचे. त्यातील प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन चिन्हांनी लिहावा लागतो. एका ‘क’साठी पत्त्यात नऊ चिन्हे येतात. साहजिकच मराठी नावाची फाइल द्यावयाची तर सर्व्हरला हे सांकेतिक लेखन उलगडावे लागते. पण याच रीतीने टिंबसुद्धा लिहिता येते : टक्क्याचे चिन्ह, त्यापुढे २ आणि ई. जो सर्व्हर आधी टिंबे तपासतो आणि मागाहून उलगडा करतो, त्याच्या डोळ्यांदेखत टिंबे आत जातात.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत मार्ग स्वच्छ करण्याची पद्धत बदलली होती. दोन टिंबांपैकी पहिले उघड आणि दुसरे सांकेतिक लिहिले असता ते तिच्या लक्षात येत नसे. अंगणाबाहेरील फायलींना स्वतंत्रपणे मज्जाव केलेला नसेल, अशा ठिकाणी त्या फायली परक्याला वाचता येऊ लागल्या. दुरुस्तीची २.४.५० ही आवृत्ती ४ ऑक्टोबरला निघाली; पण सांकेतिक लेखनाचेच पुन्हा सांकेतिक लेखन केले असता तीही फसली, आणि ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. १९९५ पासून विकसित होत आलेल्या, अनेक जाणत्यांच्या नजरेखालून गेलेल्या सर्व्हरची ही कथा. यातून निघणारा क्रम निश्चित आहे : सांकेतिक लेखन एकदाच, आणि एकदाच, उलगडावे; मग कार्यप्रणालीकडून फाइलीचा पूर्ण आणि खरा मार्ग मिळवावा; आणि तो मार्ग ठरविलेल्या फोल्डरच्या नावाने, त्यापुढील तिरप्या रेषेसह, सुरू होतो की नाही ते पाहावे. तिरपी रेषा विसरली, तर ‘पाने’ या फोल्डरबरोबर शेजारचा ‘पाने-जुनी’ हाही फोल्डर उघडा पडतो.

एका वेळी एकच पाहुणा हाताळणारा सर्व्हर एवढ्याने पूर्ण होतो. अनेकांचा प्रश्न येथे थोडक्यात मांडणे पुरेसे आहे. जोडणी करून गप्प बसणारा एक पाहुणा अशा सर्व्हरला अनिश्चित काळ खोळंबून ठेवतो, म्हणून प्रत्येक वाचनास कालमर्यादा असावी. पण दर वाचनाला निराळी मर्यादा दिली आणि पाहुण्याने ती संपण्यापूर्वी एकेक शीर्षक पाठवीत राहावयाचे ठरविले, तर मर्यादा असून नसल्यासारखी होते. २००९ मध्ये ‘स्लोलोरिस’ या साधनाने नेमके हेच करून दाखविले. मर्यादा संपूर्ण विनंतीलाच घातली पाहिजे. प्रत्येक पाहुण्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया किंवा धागा काढणे ही जुनी रीत शे-दोनशे जोडण्यांना पुरते. दहा हजार जोडण्या एकाच यंत्राने कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. ज्या जोडणीवर काही आले असेल तिचीच दखल घेणाऱ्या रचना पुढे स्थिरावल्या. इगोर सिसोएव्ह यांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘एन्जिनएक्स’ हा त्यांतील विशेष यशस्वी. जाता जाता एक व्यवहारातील सूचना : पाहुणा मध्येच निघून गेला आणि सर्व्हर तुटलेल्या जोडणीवर लिहू लागला, तर युनिक्स-परंपरेत ‘सिगपाइप’ हा संकेत येतो आणि त्याची दखल न घेतल्यास संपूर्ण आज्ञावली मुकाट्याने मरते. अनेक नवे सर्व्हर रात्री अकारण बंद पडलेले आढळतात, त्यांतील पुष्कळांचे मरण याच मार्गाने आलेले असते.

ब्राउझर जेव्हा स्वतः मजकूर पाठवितो, उदाहरणार्थ भरलेला अर्ज, तेव्हा सीमेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि अधिक बिकट होतो. कारण विनंतीतील मजकुराची लांबी सांगण्याच्या रीती दोन आहेत. पहिली ‘कंटेंट-लेंग्थ’ची, दुसरीत मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो, प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी षोडशमान अंकांत असते आणि शून्य लांबीचा तुकडा शेवट दर्शवितो. एकाच विनंतीत दोन्ही रीती आल्या आणि त्या परस्परविरोधी असल्या तर काय करावे? मोठ्या संस्थळांपुढे बहुधा एकामागे एक असे दोन सर्व्हर असतात. पुढच्याने एक रीत मानली व मागच्याने दुसरी, तर एका विनंतीचे शेपूट मागच्या सर्व्हरला दुसऱ्याच कोणाच्या विनंतीचे तोंड वाटते. या चोरवाटेचे पहिले सविस्तर वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जून २०२२ मध्ये निघालेल्या १.१ च्या सुधारित नियमांनुसार दोहोंत तुकड्यांची रीत प्रमाण मानावी, आणि अशी विनंती सरळ नाकारण्याचीही मुभा सर्व्हरला आहे. लहान सर्व्हरने ही मुभा घ्यावी हे उत्तम.

२०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीने ओळी आणि रिकाम्या ओळी यांची पद्धतच सोडून दिली. तिच्यात सर्व काही चौकटींतून जाते आणि प्रत्येक चौकटीच्या नऊ बाइटांच्या मथळ्यात पहिल्या तीन बाइटांत तिची लांबी लिहिलेली असते. शेवटचे चिन्ह शोधीत बसण्यापेक्षा आधीच मोजून सांगणे अधिक निर्धोक, असा तिचा न्याय आहे. परंतु जगातील असंख्य संस्थळांवर पुढचा सर्व्हर दुसऱ्या आवृत्तीत बोलतो आणि मागच्यासाठी त्याच विनंतीचे १.१ मध्ये भाषांतर करतो. २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, या भाषांतरात चौकटीची मोजलेली लांबी बाजूला पडून पाहुण्याने लिहिलेले ‘कंटेंट-लेंग्थ’ जसेच्या तसे मागे जाते, आणि २००५ ची चोरवाट पुन्हा खुली होते.